एक शिवण, एक घास

मिस्त्रीने माळ्यावरून शिलाई मशीनचं डोकं खाली उतरवलं तेव्हा खिडकीत अजून ऊन यायचं होतं. त्या खिडकीत ऊन येतं दुपारी. ते आत येऊन समोरच्या भिंतीवर चढलं की गाडी येणार होती.

गाडी त्याच्या मुलीला न्यायला येणार होती. मुलगी वयाने तिशी ओलांडलेली, पण समज चार वर्षांच्या पोरीएवढी. घरात तिला खारू म्हणत. आईनेच ठेवलेलं नाव. लहानपणापासून चिंध्या, रिकामी रिळं, तुटकी बटणं असं काहीबाही मुठीत घेऊन ती कोपऱ्यात साठवायची, खारीसारखी. आई गेल्यापासून खारूने घास तोंडात घेतला नव्हता. पाणी पाजलं तर अर्धं आत, अर्धं अंगावर. हाताला धरून बसवली तर बसे, हात सोडला की जमिनीवर आडवी. गालफडं आत गेली होती. नेहमीचे डॉक्टर बघून गेले आणि म्हणाले, असंच चाललं तर नळीने भरवावं लागेल, ते काही घरी जमायचं नाही.

मग मावशीने संस्था शोधली. मावशी म्हणजे खारूची मावशी, मिस्त्रीची मेव्हणी. बाई वाईट नाही. बहिणीच्या दुःखात स्वतः अर्धी झाली होती, तरी पायाला भिंगरी लावून फिरली, चार ठिकाणं पाहिली आणि त्यातलं बरं निवडलं. मिस्त्रीलाही दाखवून आणलं. स्वच्छ होतं. ओळीने खाटा, पांढऱ्या चादरी, बोलायला मऊ अशा बाया. मिस्त्री दारातच उभा राहिला होता. खारूला परका माणूस खोलीत आलेला चालत नाही, ती भिंतीवर डोकं आपटून घेते. आणि इथे तर सगळेच परके. पण त्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता, म्हणून त्याने मान हलवली.

काल मावशी येऊन सांगून गेली. "भाऊजी, मला हौस नाही हो पोरीला घालवायची. गाडी यायच्या आत ती तुमच्या हातून जेवली, तर मी गाडी आल्या पावली परत पाठवते. पण तुम्हीच सांगा, इतके दिवस काय काय करून पाहिलंत?"

मिस्त्रीने काय करून पाहिलं नव्हतं? मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी, साखर लावलेलं केळं. गोडीगुलाबीने सांगून झालं, हातापाया पडून झालं, एकदा रागावूनही झालं. खारू दात आवळून घेई. ताटलीला हात मारी. आणि मग जिथे पूर्वी मशीन असायचं त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून पडून राही.

ते तोंड करून पडणं मिस्त्रीच्या डोक्यात काल उशिरा शिरलं. माणूस गवंडी, भिंत एक दोरा वाकडी असली तर लांबून ओळखेल, पण घरातलं त्याला कधी दिसलंच नाही. तो भल्या सकाळी कामावर जायचा, परत यायचा तोवर घरातली जेवणं उरकलेली असायची. सुट्टीच्या दिवशी तेवढं तो दारातून बघायचा: बायको मशीनवर बसली आहे, तिची पाठ इकडे, खारू मशीनच्या बाजूला जमिनीवर, ताटली मशीनच्या लाकडी फळीवर. बायको एक शिवण मारायची आणि एक घास द्यायची. पुन्हा शिवण, पुन्हा घास. "एक शिवण, एक घास, नाहीतर बाईसाहेबांचं तोंड उघडत नाही," असं ती हसून सांगायची. मिस्त्री म्हणायचा, लाडावून ठेवलीस. तिला कुठे माहीत होतं की एक दिवस ती भाजी घ्यायला म्हणून निघेल, जिन्यात खाली बसेल आणि उठणारच नाही.

त्या दिवशी घरात माणसं बसायला जागा हवी म्हणून कोणीतरी मशीन सोडवलं. डोकं माळ्यावर गेलं, स्टँड गॅलरीत उभं राहिलं, पट्टा कुठल्यातरी डब्यात. माणसं आली, बसली, रडली, गेली. मशीन परत लावायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

स्टँड गॅलरीतून आत ओढताना त्याचे लोखंडी पाय फरशीवर किरकिरले. खारूने डोळे उघडले. मिस्त्रीने ते पाहिलं. त्याने घाईघाईने फळीवरची धूळ पुसली, डोकं उचललं, मागच्या दोन खुंट्यांवर बसवलं. ते पहिल्यांदा तिरकं बसलं. मग त्याने ते परत उचललं, खुंट्यांचे स्क्रू सैल केले, डोकं सारखं केलं आणि पुन्हा आवळले. हे काम त्याला जमलं. वजन उचलणं, सारखं करणं, आवळणं. आयुष्यभर तेच केलं होतं.

पट्ट्याचं मात्र जमेना. चामड्याचा गोल पट्टा खालच्या मोठ्या चाकावरून येतो, फळीच्या भोकांतून वर जातो आणि वरच्या लहान चाकाला वेढा घालतो. त्याची दोन टोकं तारेच्या आकड्याने जोडायची. मिस्त्री आकडा पक्कडीत धरून दाबायचा आणि पट्टा हातातून सुटून खाली जायचा.

तेवढ्यात दाराशी इस्त्रीवाला येऊन उभा राहिला. त्याचं दुकान खाली जिन्याशेजारीच. तो खारूच्या सवयीचा असला तरी उंबऱ्याच्या आत त्याला परवानगी नव्हती, आणि इतक्या वर्षांत त्याने ती कधी मोडली नव्हती. त्याने बाहेरूनच पट्ट्याची अडचण ओळखली आणि सल्ला दिला: आधी खालच्या चाकावर घाल, मग वर घे, आणि आकडा आधीच एका टोकाला अडकवून ठेव.

"उंटावरून शेळ्या हाकतोस," मिस्त्री म्हणाला.

"हाकतोय खरा," इस्त्रीवाला म्हणाला. "पण शेळ्या वाटेला लागताहेत का बघ."

लागल्या. आकडा बसला, पट्टा ताणला गेला. इस्त्रीवाल्याने खालून तेलाची कुपी आणून उंबऱ्यावर ठेवली. मिस्त्रीने दिसेल त्या भोकात तेल सोडलं. मग बायकोच्या स्टुलावर बसला. ते स्टूल त्याला बुटकं पडत होतं. गुडघे फळीला लागत होते. त्याने दोन्ही पाय पायट्यावर ठेवले आणि दाबले.

चाक फिरलं. मशीन खडखडलं. मागेपुढे अडखळत का होईना, चाललं.

खारू उठून बसली. हातावर रेलत, सरकत सरकत ती मशीनच्या उजव्या बाजूला आली, जिथे तिची जागा होती तिथेच. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिने हात वर केला आणि सरळ फिरत्या चाकाला घातला.

मिस्त्रीचा जीव उडाला. पट्ट्यात बोटं गेली असती तर! त्याने तिच्या हातावर चापटी मारली आणि ओरडला. त्याला तसं ओरडायचं नव्हतं, पण ओरडला. खारूने हात छातीशी घेतला. आधी तिने बापाकडे पाहिलं. मग मशीनकडे कान देऊन थोडा वेळ ऐकलं, आणि तोंड वाकडं केलं.

"खोटं," ती म्हणाली, आणि फळीखाली सरकून पाठ करून आडवी झाली.

आई गेल्यापासून तिने उच्चारलेला तो पहिला शब्द. मिस्त्रीला काही उमगेना. इस्त्रीवाल्याला उमगलं. तो रोज खाली उभा राहून हे मशीन ऐकायचा. त्याने सांगितलं की रिकामं मशीन वाजतं तसं हे वाजतंय. खाली कापड असलं, वर दोरा असला की आवाज भरीव येतो. पोरीला फसवता यायचं नाही. खरोखर शिवावं लागेल.

कोपऱ्यावरच्या शिंप्याला बोलवावं का, असंही त्याने विचारलं, आणि स्वतःच मान हलवली. परका माणूस आला तर खारू डोकं फोडून घेईल. जे करायचं ते बापानेच. इस्त्रीवाला खाली गेला. त्याची इस्त्री तापत होती.

आता दोरा. मिस्त्रीला दोऱ्यातलं एकच येत होतं, सुईच्या नेढ्यातून ओवणं. बायकोची नजर अधू झाल्यापासून ते त्याचं काम होतं. संध्याकाळी ती हाक मारायची, "अहो, ओवून द्या जरा." तो यायचा, वाकायचा, दोरा चावून टोक करायचा आणि एका झटक्यात ओवायचा. सिमेंटने फुटलेली बोटं, पण नजर ओळंब्याची. ती म्हणायची, एवढंच एक येतं तुम्हाला, पण चांगलं येतं. दोरा नेढ्यापर्यंत कुठून कुठून फिरून येतो, ते त्याने कधी पाहिलं नाही. दोरा त्याच्या हातात यायचा तो शेवटल्या वितीचा. आधीची सगळी वाट तिची.

त्याने रीळ वरच्या खुंटीवर ठेवलं. दोरा ओढला. मशीनच्या अंगावर भोकं, आकडे, दोन गोल चकत्या, एक स्प्रिंग. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. इथे सूत हातात होतं आणि पुढची पायरी दिसत नव्हती. दिसला त्या आकड्यात त्याने दोरा घातला, चकत्यांच्या मधून घेतला, स्प्रिंगला अडकवला, सरळ खाली आणला आणि सुईत ओवला. ओवणं पहिल्याच झटक्याला जमलं. त्याला उगाच धीर आला.

खालच्या दोऱ्याच्या बॉबिनची गोष्ट निराळी. ती आधी भरावी लागते हे त्याला ठाऊक होतं. त्याने ती हातानेच गुंडाळली, सैल, उंचसखल. पितळी डबीत बसवली, डबी मशीनच्या पोटात ढकलली. ती खट् करून बसायला हवी. ती बसली की नाही हे त्याला कळलं नाही. बायकोच्या टोपलीत उशांचे कापलेले अभ्रे पडून होते, कोणाचे तरी शिवून द्यायचे. त्यातला एक त्याने दुमडून सुईखाली घातला, कापड दाबणारी मागची दांडी पाडली आणि पायटा हलवला.

पहिल्या दोन वेळा खट् खट् झालं आणि मग मशीन घुसमटल्यासारखं थांबलं. अभ्रा निघेना. ओढून काढला तर खाली दोऱ्याचा हा एवढा गुंता, चिमणीच्या घरट्यासारखा. त्याने कात्रीने तो कापला, पुन्हा ओवलं, पुन्हा मारलं. पुन्हा घरटं. पुन्हा कापलं. ऊन खिडकीच्या खालच्या गजावर आलं.

किती वेळा केलं ते त्याने मोजलं नाही. पाठ धरली. घाम डोळ्यांत उतरला. मध्येच त्याने भाताची ताटली घेऊन फळीखाली वाकून पाहिलं, न जाणो. खारूने ताटलीकडे पाहिलंही नाही. तिचा श्वास उथळ चालला होता आणि ओठांना पांढरी भेग पडली होती. मिस्त्रीने ताटली परत फळीवर ठेवली. मग तो बायकोवर रागावला. बाई, जाताना एवढं सांगून जायचं होतंस, बाकी काही नको होतं. मनातल्या मनात तिच्याशी भांडत त्याने आणखी एक घरटं कापलं.

मावशी आली ती गाडीच्या आधीच आली. खारूचे कपडे भरायला. तिने पिशवी खाटेवर ठेवली, मशीन पाहिलं, मिस्त्रीची दशा पाहिली. कपाट उघडून घड्या काढू लागली. खारूचे झगे सगळे आईने शिवलेले, खिसे मोठे, काहीबाही साठवायला. मावशी एकेक खिसा रिकामा करत होती: बटण, रीळ, चिंधी, बटण. तिला ते बाहेर टाकवेना, म्हणून परत खिशात घालत होती.

मिस्त्रीने पुन्हा पायटा दाबला. पुन्हा मशीन अडलं. मावशीची पाठ होती, पण कान इकडे होते. लग्नाआधी तीही बहिणीजवळ बसून थोडं शिकली होती. तिने खालमानेने आणखी एक झगा पिशवीत ठेवला. मिस्त्रीने गुंता कापला, दोरा ओढून पुन्हा त्याच वाटेने आणायला लागला. मावशी वळली. बघत उभी राहिली. मिस्त्रीला वाटलं आता ही म्हणणार, भाऊजी, पुरे करा.

"तो वरखाली होणारा दांडा आहे ना," मावशी म्हणाली, "त्याच्या भोकातून घ्यायचा राहिला."

मिस्त्रीने वर पाहिलं. मशीनच्या तोंडाशी एक दांडा होता, सुई खाली गेली की खाली, वर आली की वर. तो दोरा ओढून घेतो म्हणून टाका आवळतो, असं मावशीने सांगितलं. ती जवळ आली, पितळी डबी काढली, बॉबिनवरचा सैल दोरा सोडून घट्ट भरून दिला, डबीच्या चिरेतून दोरा काढला, डबी आत सरकवली. खट् आवाज आला. मग ती लगेच दूर झाली आणि कपाटाकडे गेली, जणू कोणाच्या तरी विरुद्ध साक्ष देऊन आली होती आणि ते कोण हे तिलाच ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीने दांड्यातून दोरा घेतला, सुईत ओवला, अभ्रा घातला. पायटा दाबला. तीन टाके पडले. खरे टाके, एकामागे एक, सरळ. फळीखाली खारूचं डोकं हललं.

मग कट्. दोरा तुटला.

त्याने ओवला. दोन टाके, कट्. ओवला. एकही टाका नाही, कट्. इस्त्रीवाला इस्त्रीचा हात झटकत वर आला होता. तो दारातून म्हणाला की दोरा कुजका असेल, नवीन रीळ लाव. नवीन रीळ लावलं. तेही तुटलं. मावशीने सुचवलं की चकत्यांचा स्क्रू सैल करा. सैल केला. तरी तुटलं. ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं, आणि खाली रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली. तिचं दार सरकल्याचा आवाज आला. गाडीवाल्याने एकदाच, हळू, हॉर्न दिला.

मावशी खिडकीशी गेली आणि खाली बघून आली.  मग म्हणाली की त्यांना आणखी एका ठिकाणी जायचंय, फार थांबणार नाहीत. पिशवीची चेन तिने अजून लावली नव्हती.

मिस्त्रीने मान हलवली.  त्याने एकदा शेवटचं म्हणून ओवलं. ओवताना त्याच्या लक्षात आलं की आता नेढं दिसत नाही. कधी नव्हे ते त्याचं टोक चुकलं. तीनदा चुकलं. चौथ्यांदा गेलं. त्याने अभ्रा सुईखाली घातला आणि या वेळी पाय घाईने मारला नाही, हळू दाबला. जोर उरला नव्हता म्हणून हळू.

आणि हळू होतं म्हणून त्याला दिसलं. अभ्रा त्याच्याकडे येत होता. पोटाकडे, मांडीवर.

तो थांबला. कट् झालं, पण तो दोऱ्याकडे पाहत नव्हता. बायको शिवायची तेव्हा कापड तिच्या मांडीवर कधी नसायचं. ते पुढे जायचं, मशीनच्या पलीकडे, आणि फळी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडायचं. खारू तिथून ते ओढून काढायची आणि आपल्या पोटाशी धरायची. दारातून त्याने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. कापड भिंतीकडे जायचं. आज ते बापाकडे येत होतं. म्हणजे चाक उलटं फिरत होतं. पाय नुसता दाबला की चाक कधी इकडे जातं, कधी तिकडे. उलटं गेलं की दोरा तोडतं. निघताना कोणीतरी त्याला सुलट धक्का द्यायला हवा.

कोणी द्यायचं? बायकोचे दोन्ही हात कापडावर असायचे. एक इकडून धरायला, एक तिकडून. पाठमोरी असली तरी तिची कोपरं दिसायची, दोन्ही बाजूंना, पंखांसारखी. चाकाला हात लावताना ती त्याला कधीच दिसली नव्हती.

मग त्याला सकाळचा तो हात आठवला. जमिनीवरून वर आलेला, सरळ चाकाकडे. आणि आपली चापटी.

मिस्त्री स्टुलावरून उतरला. गुडघे वाजले. तो फरशीवर बसला आणि फळीखाली डोकं घातलं. आत अंधार होता, तेलाचा वास होता. खारूची पाठ त्याच्याकडे होती. तिचा उजवा हात अजून छातीशी धरलेला होता, सकाळपासून तसाच.

"खारू," तो म्हणाला, "मला चाक फिरवता येत नाही गं. माझ्याकडून उलटं फिरतं."

खारू हलली नाही. दारात आता इस्त्रीवाल्याच्या मागे गाडीवाला येऊन उभा होता, टोपी हातात घेतलेला, साधा माणूस. इस्त्रीवाल्याने त्याच्या छातीवर हात आडवा ठेवला होता आणि त्याला उंबऱ्याबाहेर थोपवलं होतं.  मिस्त्रीने आपला हात पुढे केला आणि खारूच्या पाठीवर ठेवला. मणके हाताला लागत होते.

"मी मारलं. चुकलो मी. तुझं काम होतं ते, मला ठाऊक नव्हतं."

तरी ती हलली नाही.  मिस्त्रीजवळ शब्द तेवढेच होते. तो उठला, स्टुलावर बसला. दोरा ओवला. या वेळी एका झटक्यात गेला. अभ्रा सुईखाली घातला, दांडी पाडली. दोन्ही हात कापडावर ठेवले, एक इकडे, एक तिकडे, कोपरं बाहेर. पाय पायट्यावर ठेवले, पण दाबले नाहीत. आणि तो बसून राहिला.

ऊन भिंतीवर होतं. मावशी पिशवी धरून उभी होती. गाडीवाल्याने एकदा घसा साफ केला आणि इस्त्रीवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा केला नाही.  बायकोसारखं बसायचं तर बसता येतं, पण बायको होता येत नाही, हे मिस्त्रीला त्या वेळी पुरतं कळलं. तो खाली वाकून पाहणार नव्हता. वाकून पाहिलं आणि ती तशीच पडलेली दिसली असती तर त्याला उठावं लागलं असतं, आणि उठलं की संपलंच.

फळीखाली काहीतरी सरकलं. उजव्या बाजूने एक हात वर आला. हडकुळा, बोटं तेलाने काळी झालेली. तो चाकावर टेकला आणि तिथेच थांबला, मार बसतो का ते बघायला. मग त्याने चाकाला खाली ओढलं, आपल्या बाजूने, एक सवयीचा झटका.

मिस्त्रीने पाय दाबला.

मशीन निघालं. कापड त्याच्यापासून दूर जायला लागलं, भिंतीकडे. आवाज भरला. खालून ठोका, वरून ठोका, मध्ये कापड. दोरा तुटला नाही. मिस्त्रीला कापड सरळ धरता येत नव्हतं, शिवण मातीच्या बांधासारखी वाकडीतिकडी चालली होती, तरी चालली होती. अभ्र्याची कड आली. तो थांबला. त्याने थंड झालेल्या भाताचा एक लहान घास केला आणि हात खाली नेला, बघायचं धाडस न करता.

बोटांना ओठ लागले. कोरडे, चिरलेले. मग दात. मग घास बोटांतून गेला.

मिस्त्री रडला असता, पण वर चाकाला परत झटका बसला होता आणि त्याला पाय दाबायचा होता. दुसरी शिवण. खारू घास गालात धरून बसली होती. मशीन सुरू झालं तेव्हा कुठे गिळला. थांबलं तेव्हा तोंड उघडलं. असं ते आईने लावून दिलेलं होतं, आणि ते तसंच होतं, जागच्या जागी. फक्त आई नव्हती. आता उद्याही असंच बसावं लागेल आणि परवाही, आणि मी आजारी पडलो तर, आणि मी गेलो तर, असे विचार मिस्त्रीच्या मनात शिवणीबरोबर चालले होते.  पोरीचं पुढे काय, हा मावशीला पडलेला प्रश्न खरा होता, तो गाडीबरोबर जाणार नव्हता.

मावशीने पिशवी खाली ठेवली. ती दाराशी जाऊन गाडीवाल्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. गाडीवाला जिन्यावरून उतरला. इस्त्रीवालाही त्याच्या मागोमाग उतरला आणि खाली आपल्या टेबलाशी उभा राहून वरचा आवाज ऐकत राहिला. हे मिस्त्रीला नंतर कळलं.

अभ्रा पुरा होऊन फळीच्या पलीकडे पडला. खारूने फटीत हात घालून तो ओढून काढला. तिने तो पाहिला. वाकड्या शिवणीवरून बोट फिरवलं, बापाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पोटाशी धरला. मग परत हात चाकावर ठेवला.

मिस्त्रीने टोपलीतून दुसरा अभ्रा घेतला. खालचा दोरा कधी संपेल याचा त्याला अंदाज नव्हता. मागे खाटेवर मावशी बसली होती, आणि ती रिकाम्या बॉबिनवर दोरा गुंडाळत होती. घट्ट, सारखा.